समुद्रातलं कासव उपग्रहाला कसं सापडतं? ऑलिव्ह रिडले ट्रॅकिंगचं तंत्रज्ञान सोप्या भाषेत

जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर छोटासा ट्रान्समीटर चिकटवला गेला आणि तिला समुद्रात सोडण्यात आलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाला सॅटेलाइट टॅग लावण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा बातम्या खूप आल्या, नकाशावरच्या रेषा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या. पण पाण्याखाली पोहणारं कासव शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला दिसतं कसं, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

या लेखात आपण पाहूया की हा टॅग काम कसा करतो, त्याची माहिती किती विश्वासार्ह असते, कोकणातल्या कासवांबद्दल त्यातून काय कळलं, आणि या सगळ्याचा कासव वाचवायला खरंच काही उपयोग होतो का.

आधी कासवाची थोडक्यात ओळख

ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासवांमधलं आकाराने लहान कासव. पूर्ण वाढलेल्या कासवाचं कवच साधारण ६० ते ७० सेंटीमीटर आणि वजन ३५ ते ४५ किलोच्या आसपास. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला जागा आहे, म्हणजे वाघाला जितकं कायदेशीर संरक्षण तितकंच यालाही. आययूसीएनच्या लाल यादीत ते 'असुरक्षित' गटात मोडतं.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे या माद्या एकाच वेळी लाखोंच्या संख्येने अंडी घालायला येतात. आपल्याकडे तसं नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात एकेकटी मादी रात्री येते, वाळूत साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांशी तिचा पुढे काही संबंध येत नाही.

आपल्याला कासव दिसतं ते फक्त या तासाभरात. पुढचं सगळं आयुष्य समुद्रात. नर तर अंड्यातून बाहेर पडून पाण्यात गेला की सहसा पुन्हा कधी जमिनीवर येत नाही. म्हणूनच टॅग बहुतेक वेळा मादीला लावला जातो, कारण हाताला लागते ती तीच.

मोबाइलसारखं जीपीएस का नाही लावत?

हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो. अडचणी तीन आहेत.

पहिली, खोल समुद्रात मोबाइल टॉवर नसतो. जीपीएस फक्त 'मी कुठे आहे' हे त्या उपकरणाला सांगतं. ती माहिती आपल्यापर्यंत पाठवायला दुसरी काहीतरी सोय लागतेच.

दुसरी, खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल काही सेंटीमीटरमध्येच विरून जातो. कासव पाण्याखाली असेल तोवर ना त्याला काही ऐकू येतं, ना ते काही पाठवू शकतं.

तिसरी अडचण वेळेची. जीपीएस रिसीव्हरला जागा काढायला उपग्रहांच्या कक्षेची माहिती लागते आणि ती प्रत्येक उपग्रह ३० सेकंदांनी पुन्हा पाठवत असतो. बराच वेळ बंद असलेल्या रिसीव्हरला निदान तेवढा वेळ आकाश दिसायला हवं. कासव श्वास घ्यायला वर येतं, डोकं बाहेर काढतं आणि काही क्षणांत परत खाली. ३० सेकंद त्याच्याकडे नसतातच.

यावर 'फास्टलॉक' नावाचा उपाय आहे. त्यात टॅग एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात जीपीएसचा कच्चा सिग्नल टिपून ठेवतो आणि खरं गणित नंतर कॉम्प्युटरवर होतं. असे टॅग महाग असतात. जगभरात कासवांसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेली पद्धत मात्र वेगळी आहे. तिचं नाव आर्गोस.

टॅगमध्ये नेमकं असतं काय?

- ट्रान्समीटर: ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवणारा. एक संदेश एका सेकंदापेक्षाही कमी वेळात जातो.
- बॅटरी: एकदाच वापरायची. चार्जिंगचा प्रश्नच येत नाही.
- अँटेना: वर उभी राहणारी लवचिक तार.
- खाऱ्या पाण्याचा स्विच: टॅगवर धातूचे दोन संपर्कबिंदू असतात. पाण्याखाली असताना खाऱ्या पाण्यामुळे त्यांच्यातलं सर्किट पूर्ण होतं. कासव वर आलं की सर्किट तुटतं आणि टॅगला कळतं, 'आता हवेत आहोत, पाठव!' बॅटरी वाचवण्याची याहून सोपी युक्ती सापडणं कठीण.

एका संदेशात जास्तीत जास्त ३२ बाइट माहिती मावते. तुलनेसाठी सांगतो, साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. त्या ३२ बाइटमध्ये टॅगने मोजलेलं तापमान, बुडी किती वेळ मारली, बॅटरीची स्थिती असलं बरंच काही कोंबायचं असतं. आपण कोडमध्ये एकेका व्हेरिएबलला आठ-आठ बाइट उधळतो. इथे एकेक बिट मोजून वापरावा लागतो.

आणखी एक गंमत म्हणजे हा संवाद एकतर्फी आहे. टॅग संदेश पाठवतो, पण उपग्रहाला तो मिळाला की नाही हे त्याला कधीच कळत नाही. नेटवर्किंग शिकलेल्यांना यूडीपी आठवेल. पोचपावती नाही, म्हणून तोच तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवायचा आणि एखादा तरी पोचेल असं धरून चालायचं.

टॅग लावतात तो मादी अंडी घालून परत निघाल्यावर. तिला थांबवून कवचाचा एक भाग साफ करतात, हलकेच घासून खरखरीत करतात आणि इपॉक्सीने टॅग चिकटवतात. कवचाचा बाहेरचा थर आपल्या नखांसारखाच केराटिनचा असतो. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत काही तास थांबायचं, मग तिला सोडायचं. कायमचं काही बसवत नाहीत. काही काळाने टॅग आपोआप सुटून पडतो.

उपग्रहाला जागा कशी कळते?

आर्गोस यंत्रणा १९७८ पासून सुरू आहे. फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून ती उभारली. तिचे रिसीव्हर ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर बसवलेले असतात, साधारण ६५० ते ८५० किलोमीटर उंचीवर. टॅग जीपीएस वापरत नसेल तर तो स्वतःची जागा पाठवतच नाही, कारण त्याला ती माहीतच नसते. जागा शोधून काढायचं काम डॉप्लर परिणामावर होतं.

स्टेशनवर न थांबणारी एक्स्प्रेस हॉर्न वाजवत जाताना आठवा. गाडी जवळ येताना आवाज बारीक, चढा वाटतो. आपल्यासमोरून गेली की लगेच जाड, उतरलेला. हॉर्न तोच असतो, फक्त गाडीच्या वेगामुळे आपल्याला ऐकू येणारी फ्रीक्वेन्सी बदलते. आता भूमिका उलट करा: हॉर्न वाजवणारं कासव जवळजवळ स्थिर आहे आणि ऐकणारा उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चाललाय.

उपग्रह कासवाकडे येत असताना त्याला फ्रीक्वेन्सी थोडी जास्त ऐकू येते, दूर जाताना थोडी कमी. हा फरक जास्तीत जास्त आठ-नऊ किलोहर्ट्झचा. ४०१ मेगाहर्ट्झपुढे तो नगण्य वाटतो, पण मोजता येतो. फरक ज्या क्षणी शून्य होतो, त्या क्षणी कासव उपग्रहाच्या मार्गाला बरोबर काटकोनात असतं. आणि तो फरक किती झपाट्याने बदलला, यावरून कासव त्या मार्गापासून किती दूर आहे ते कळतं. झपाट्याने बदलला तर जवळ, सावकाश बदलला तर लांब.

यात एक घोळ राहतोच. हे गणित नेहमी दोन उत्तरं देतं, एक उपग्रहाच्या मार्गाच्या डावीकडे आणि एक उजवीकडे. खरं कुठलं ते ठरवायला पृथ्वीचं फिरणं आणि आधीच्या जागा मदत करतात. एक उत्तर गुहागरसमोरच्या समुद्रात आणि दुसरं मराठवाड्यात आलं, तर कासव कुठे असेल हे सांगायला गणितही लागत नाही!

लोकेशन किती अचूक असतं?

उपग्रह एका जागेवरून जाताना जेमतेम दहा मिनिटं 'ऐकू' शकतो. तेवढ्या वेळात कासवाने वर यायला हवं, आणि शक्यतो चार-पाच वेळा. म्हणून प्रत्येक लोकेशनला दर्जा दिला जातो:

- वर्ग ३: चूक २५० मीटरच्या आत
- वर्ग २: २५० ते ५०० मीटर
- वर्ग १: ५०० ते १५०० मीटर
- वर्ग ०: १५०० मीटरपेक्षा जास्त
- वर्ग ए आणि बी: संदेश इतके कमी मिळाले की जुन्या पद्धतीत चूक किती ते सांगताच येत नाही
- वर्ग झेड: लोकेशन बाद

समुद्री कासवांच्या डेटामध्ये ए आणि बी हेच वर्ग भरपूर असतात. त्यामुळे कच्चा डेटा नकाशावर टाकला तर कासव कधी डोंगरावर, कधी तासाला ४० किलोमीटर वेगाने पळताना दिसतं. मग फिल्टर लावावे लागतात. जमिनीवरचे बिंदू काढा, अशक्य वेग दाखवणारे बिंदू काढा, उरलेल्यांमधून शक्य वाटणारा मार्ग काढा. २०११ पासून आर्गोसने स्वतःच्या गणितात कालमन फिल्टरचा पर्याय दिला, ज्यात आधीच्या जागेवरून पुढच्या जागेचा अंदाज बांधून तो नव्या संदेशाने सुधारला जातो. बातमीत दिसणारी गुळगुळीत रेषा ही अशी साफसफाई करून आलेली असते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

कोकणात काय कळलं?

भारतीय वन्यजीव संस्था, महाराष्ट्राचा वन विभाग आणि मँग्रोव्ह फाउंडेशन यांनी २०२२ च्या सुरुवातीला पाच माद्यांना टॅग लावले: वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या वनश्री, रेवा व लक्ष्मी. अपेक्षा दीड-दोन वर्षं सिग्नल मिळण्याची होती. प्रत्यक्षात पाचही टॅग वर्षभराच्या आतच गप्प झाले.

टॅग गप्प झाला म्हणजे कासव मेलं असं नाही. बॅटरी संपते, अँटेना मोडते, इपॉक्सी सुटतं. सगळ्यात त्रासदायक म्हणजे टॅगवर शेवाळ आणि कवच असलेले चिकटून राहणारे जीव वाढतात. स्विच झाकला गेला की टॅगला कायम आपण पाण्याखालीच आहोत असं वाटतं. कासव जाळ्यात अडकून मेलेलंही असू शकतं. मात्र या सगळ्या शक्यतांमध्ये आपल्याकडे येतो तो एकच संदेश, म्हणजे काहीच नाही. सर्व्हर डाऊन आहे की नेटवर्क, हे बाहेरून न कळण्यासारखीच ही गोष्ट.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांना टॅग लावले. 'गुहा' लक्षद्वीपच्या बाजूला गेली. 'बागेश्री' मात्र दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आता प्रश्न असा पडला, की पश्चिम किनाऱ्याची कासवं आणि पूर्व किनाऱ्याची कासवं आपण वेगळी समजत होतो, ती खरंच वेगळी आहेत का?

दोन वर्षांनी उलट दिशेने उत्तर आलं

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची छोटी पट्टी दिसली. पट्टीवर आकडा होता ०३२३३. चौकशी केल्यावर कळलं, ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी लावली होती. म्हणजे ही मादी एकदा ओडिशात अंडी घालून गेली आणि चार वर्षांनी साधारण साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून कोकणात अंडी घालायला आली. दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालताना नोंदली गेलेली मादी, तीही असा पुरावा हातात देऊन!

या पट्टीत ना बॅटरी, ना अँटेना, ना सॉफ्टवेअर. आहे फक्त एक युनिक आयडी. डेटाबेसच्या भाषेत प्रायमरी की. पण ती चालली, कारण रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर कुणीतरी हजर होतं, त्याने आकडा नीट पाहिला, लिहून घेतला आणि योग्य ठिकाणी कळवला. तो माणूस त्या रात्री घरी झोपला असता, तर साडेतीन हजार किलोमीटरची ही गोष्ट परत समुद्रात गेली असती.

माझ्या मते कासव ट्रॅकिंगमधून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. सॅटेलाइट टॅग मधला रस्ता दाखवतो, पण मोजक्याच कासवांचा आणि मोजकेच महिने. पट्टी फक्त दोन टोकं दाखवते, पण हजारो कासवांना लावता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. दोन्ही लागतात, आणि दोन्हींच्या मुळाशी किनाऱ्यावर जागणारी माणसं लागतात.

ही माणसं कोण?

वेळासला २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना घेऊन हे काम सुरू केलं. तोवर अंडी उकरून खाल्ली किंवा विकली जायची. उरलेली कुत्री आणि कोल्हे संपवायचे. मग गावातलीच मुलं पहाटे किनारा फिरू लागली. घरटं सापडलं की काही तासांच्या आत अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. 'काही तासांच्या आत' याला कारण आहे. वाढणारा गर्भ पुढे कवचाला आतून चिकटतो, आणि त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. कासवात पिल्लू नर की मादी हे गुणसूत्रं नाही, वाळूचं तापमान ठरवतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड असली की नर जास्त. म्हणून हॅचरीत तापमान मोजत राहणं महत्त्वाचं. उन्हाळे तापत गेले तर किनारा पिल्लांनी भरलेला दिसेल आणि तरी नर कमी पडतील.

वेळासचा कासव महोत्सव पाहायला आता पुण्या-मुंबईहून लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. अंडी विकून मिळायचे त्यापेक्षा हे उत्पन्न बरं आणि दरवर्षीचं. इथे जागृतीला पैशाची जोड मिळाली, म्हणून ती टिकली.

डेटाचा कासवाला उपयोग काय?

समुद्रात मोठ्या कासवांना सगळ्यात जास्त धोका मासेमारीच्या जाळ्यांचा. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता आलं नाही की ते बुडून मरतं. होय, कासवही बुडतं.

ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या नद्यांच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारीवर बंदी असते, कारण माद्या कुठे आणि कधी जमतात हे माहीत आहे. महाराष्ट्रातली बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे पावसाळ्यात. ती माशांच्या प्रजननासाठी आहे. आपल्याकडे कासवांचा हंगाम असतो हिवाळ्यात, तेव्हा मासेमारी जोरात चालू असते. सगळीकडे बंदी घाला म्हणणं मच्छीमारांवर अन्याय ठरेल. नेमक्या कुठल्या पट्ट्यात, किती आठवडे सांभाळायचं हे सांगता आलं, तर मच्छीमारांशी बोलणी होऊ शकतात. ट्रॅकिंगचा डेटा लागतो तो यासाठी.

दुसरा उपाय यांत्रिक आहे: टेड, म्हणजे जाळ्याच्या मानेत बसवलेली तिरकी जाळी. कोळंबी गजांमधून पुढे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या झापेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींसाठी टेड तयार केलंय. मात्र वापर पुरेसा झाला नाही, आणि २०१९ पासून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. कासव न वाचवण्याची किंमत अशी थेट बाजारात मोजावी लागते.

महाराष्ट्रात २०१८ पासून एक चांगली योजना आहे. कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचं जाळं कापलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणजे इथे खिशातला साधा मोबाइलच संवर्धनाचं यंत्र होतो.

तुम्ही काय करू शकता?

- पट्टी दिसली तर आकडा टिपा. जिवंत असो वा मेलेलं, कासवाच्या पायावर पट्टी दिसली तर आकड्याचा स्पष्ट फोटो, तारीख आणि जागा वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात हेल्पलाइन १९२६. पट्टी काढू नका.
- किनाऱ्यावर आलेल्या कासवाला पाण्यात ढकलू नका. ते थकलेलं किंवा जखमी असेल तर बुडू शकतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं कापड टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि मदत बोलवा. ती अंडी घालायला आलेली मादी असेल, तर लांब थांबून तिला तिचं काम करू द्या.
- फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. हॉटेलचे दिवे समुद्रापेक्षा उजळ असले तर ती रस्त्याकडे वळतात.
- पिल्लं हातात घेऊन सेल्फी नको. हा नुसता शिष्टाचार नाही, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला हाताळणं गुन्हा ठरू शकतो.
- जुनं जाळं किनाऱ्यावर दिसलं तर उचलून आत टाका. भरतीबरोबर ते परत समुद्रात जातं आणि कुणी मासे पकडत नसतानाही अडकवत राहतं.

शेवटी

पुढच्या वेळी 'कोकणातलं कासव श्रीलंकेला पोचलं' अशी बातमी वाचाल, तेव्हा त्या रेषेमागे काय काय आहे ते तुम्हाला माहीत असेल: श्वासापुरतं वर येणारं डोकं, ३२ बाइट, किलोहर्ट्झभराचा फरक आणि बरीच साफसफाई. आणि वेळास, आंजर्ले किंवा गुहागरला कधी गेलात, तर पहाटे किनारा फिरणाऱ्या कासवमित्राला दोन मिनिटं थांबवून विचारा, यंदा किती घरटी सापडली? ०३२३३ सारखे आकडे टिपतात ते हेच लोक.